भिंतीतला पाइप

आईला डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावरून वाशिंदला आणलं, ते घरात नळ आहे म्हणून. वडील गेल्यावर ती एकटी पडली होती. गुडघे दुखायचे आणि विहिरीची वाट सगळी चढणीची. मी इथल्या कारखान्यात कामाला. स्टेशनजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचं घर आहे. सुरुवातीला ती नळ सोडायची तो करंगळीएवढी धार येईल इतकाच. माझी बायको तिला हसून म्हणायची, "आत्या, सोडा की मोठा." मग हळूहळू सवय झाली. सकाळी स्टुलावर बसून ती अंघोळ करायची तेव्हा आतून गुणगुणणं ऐकू यायचं. पाड्यावर तिला गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

होळीच्या आधीची गोष्ट. रविवारी सकाळी बाथरूमच्या भिंतीतून सूं-सूं आवाज यायला लागला. बघता बघता एक टाइल सुटून पडली आणि मागून पाण्याचा फवारा उडाला. घरातलं पाणी बंद करायचा कॉक फिरवला तर तो नुसताच गरगर फिरला. मी गच्चीवर पळालो आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. त्यानं आमच्या बाजूच्या सगळ्याच घरांचं पाणी गेलं.

लोक जिन्यात जमले. सोसायटीचे सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "भिंत फोडायची तर लायसनवाला प्लंबर आणा. मागं असाच कुणीतरी आणला होता. खालच्यांचं छत अजून गळतंय आणि त्या माणसाचा पत्ता नाही."

त्यांचं काही चुकत नव्हतं. असं ठरलं की प्लंबर मिळेपर्यंत सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ व्हॉल्व्ह उघडायचा, म्हणजे बाकीच्यांना पाणी भरता येईल. तेवढा वेळ आमची भिंत वाहायची. आम्ही बाथरूमच्या दारात जुनी गोधडी लावायचो आणि फडक्यानं पाणी मोरीत लोटायचो.

शहापूरला नळाचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. लायसनवाला पाहिजे म्हटल्यावर मालक हसला. "अहो, इथं ज्याच्या हातात पाना तो प्लंबर. लायसनवाले सगळे कल्याणला नायतर मोठ्या साइटवर." तरी त्यानं दोन-तीन नंबर दिले. कल्याणच्यानं वाशिंद ऐकलं आणि "कसारा साइडला आपण येत नाय" म्हणून फोन ठेवला. खर्डीचा एकजण उद्या नक्की येतो म्हणाला. मी रजा टाकून बसलो. दुपारपर्यंत तो "निघालोच" म्हणत होता, नंतर त्याचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशीही तेच. सुपरवायझर म्हणाला, "तुला रजा घरच्या नळासाठी पायजे?"

आईला मात्र ते वाहतं पाणी बघवत नव्हतं. व्हॉल्व्ह उघडला की ती कळशी, पातेली, बालदी, हाताला लागेल ते भिंतीखाली लावायची.

"आये, तू आत नको जाऊस. घसरशील."

"एवढं पानी मोरीत जातंय रे," ती म्हणायची. "कसं बगू?"

शेवटी कळलं की मुरबाडला एक लायसनवाला आहे, पण फोन उचलत नाही. मोटरसायकल काढून गेलो. घरी त्याची बायको भेटली. तिनं गावाबाहेरच्या एका फार्महाउसचा रस्ता सांगितला. तिथं पोहण्याच्या तलावाची लाइन टाकायचं काम चाललं होतं. माझ्याच वयाचा माणूस, हातात पाइपचा तुकडा. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "दादा, पुढच्या आठवड्यात बगू. हे सोडून आलो तर मालक दुसऱ्याला काम देल."

मी हात जोडले. खरंच जोडले. तेवढ्यात फोन वाजला. बायको रडत होती. संध्याकाळचं पाणी सोडलं होतं, ती गॅसजवळ होती, आणि आई भरलेली कळशी उचलताना घसरली होती. पाय हलवता येत नव्हता.

तो माणूस समोरच उभा होता, त्याला सगळं ऐकू गेलं. पाइप खाली ठेवून तो म्हणाला, "तुमी जा. उद्या सकाळी मी येतो. चावी शेजारी ठेवा."

आणि तो आला. आम्ही तेव्हा कल्याणच्या दवाखान्यात होतो. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशनची तयारी चालली होती. दुपारी त्याचा फोन आला. "दादा, झालं. एक एल्बो तडकला होता, बाकी लाइन चांगली हाय. कॉक पण नवीन टाकलाय. आई कशी हाय?"

एक एल्बो! पाइपला वळण द्यायचा मुठीत मावेल एवढा तुकडा. मी दवाखान्याच्या जिन्यात बसलो. त्याच्यावर राग काढण्यासारखं काही नव्हतं. कोणावर काढावा तेच कळत नव्हतं.

आई घरी आली, पण उभी राहिली नाही. डॉक्टर म्हणाले होते, धरून चालवा. दोघांनी धरलं तरी ती पाय टेकवत नसे. बायको खाटेवरच तिचं अंग पुसून घेते. बाथरूममध्ये नळ सुटल्याचा आवाज आला की आई डोळे मिटून घेते. मग आम्ही दार लावून नळ सोडायला लागलो.

परवा मी कामावरून आलो तर म्हणाली, "मला पाड्यावर नेऊन सोड."

"तिथं तुजं कोण करल, आये?"

छताकडे बघत ती स्वतःच म्हणाली, "कोन नाय."

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. बायकोनं दिवा लावला. जेवायला वाढू का, असं तिनं आईला दोनदा विचारलं.