माझ्या हौसेची तपासणी

घाटकोपरला आमच्या इमारतीवरून विमानं इतकी खाली येतात की चाकं मोजता येतात. मुलगा वैमानिक झाला तेव्हापासून तो मला उतरायची वेळ कळवायचा आणि मी चहाचा कप घेऊन गच्चीवर जायचो. त्याला वरून मी काय दिसणार, तरी हात हलवायचो. शेजारी हसायचे. हसू देत.

गेल्या वर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये एका लॅबचं शिबिर लागलं. संपूर्ण शरीराची तपासणी, एकावर एक मोफत. पहिल्याच दिवशी मी दोन नावं लिहून आलो, माझं आणि त्याचं. तो म्हणाला, परवान्यासाठी आमची तपासणी दरवर्षी होतेच, आता ही कशाला? पण जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला कागद हातात आल्याशिवाय काही खरं वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी मी त्याला ओढून नेलं. रक्त हॉलमध्येच घेतलं, ट्रेडमिलवर चालवून हृदयाचा आलेख काढायला मुलुंडला बोलावलं.

माझा रिपोर्ट झकास आला. त्याच्या आलेखाखाली मात्र हृदयाच्या रक्तपुरवठ्याबद्दल शंका लिहिली होती. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, धडधाकट तरुणांत ही चाचणी पुष्कळदा उगाच घाबरवते. दुसरा कुणी असता तर आणखी एखादी तपासणी करून विसरून गेला असता.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या परवान्याची तपासणी होती. जेवणाच्या टेबलावर तो फॉर्म भरत होता. मधल्या काळात दुसरीकडे कुठली तपासणी केली का, असा एक प्रश्न त्यात होता. तिथे त्याचं पेन थांबलं.

"कुणाला कळतंय? नाही लिही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला बारा वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोकणात जाताना ज्या बापाने, कुणी विचारत नसताना, त्याचं अर्ध्याऐवजी पूर्ण तिकीट काढलं होतं, तोच बाप हे सांगत होता.

"बाबा, माझ्या मागे दीडशे माणसं बसलेली असतात," एवढंच तो बोलला. मग त्याने हो लिहिलं आणि रिपोर्ट जोडला.

त्याचं उडणं त्या दिवसापासून बंद झालं. मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी केली, ती स्वच्छ निघाली. पण परवान्याच्या कचेरीतले लोक एक कागद पुरा झाला की दुसरा मागत. सात महिने तो घरी होता. कॅप्टन होण्यासाठी त्याचा नंबर याच महिन्यांत आला आणि पुढच्याला गेला. विमानाचा आवाज आला की तो गॅलरीतून उठून आत जायचा. मी माफी मागितली. तुमचा हेतू चांगला होता, म्हणाला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

आता तो पुन्हा उडतो. मात्र वेळ कळवत नाही. मी एकदा विचारलं.

"आता नका ना विचारू, बाबा," तो म्हणाला, अगदी शांतपणे.

ट्रेडमिलचं मला एवढं वाटत नाही. त्या टेबलावर मी जे बोललो, ते तो विसरलेला नाही, आणि मीही नाही. संध्याकाळी चहा घेऊन मी अजून गच्चीवर जातो. एकामागून एक विमानं येत राहतात. त्यांतल्या कुठल्या विमानाला हात हलवायचा, ते मला कळत नाही.