डोंगराला वळसा

मावशी खरी एकाचीच होती, पण सहलीला येणारा प्रत्येकजण दुसऱ्या दिवसापासून तिला मावशीच म्हणायचा. तिचा भाचा वाळवंटात सायकल सहली काढायचा. आठवडाभर लोकांना खडकाळ वाटांनी हिंडवायचं आणि रात्री तंबूत झोपवायचं, हा त्याचा धंदा. मावशी त्याआधी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात होती. तिथे स्वयंपाकही करायची आणि जेवण पोचवणारी मोटारगाडीही चालवायची. ते काम सुटलं, तेव्हा भाचा म्हणाला, "मला या दोन्हीसाठी माणूस हवंय. तू ये."

तेव्हापासून सायकलवाले वाटेने जायचे आणि मावशी रस्त्याने. पाण्याची पिंपं, तंबू, शेगडी, जादा टायर असं सगळं गाडीत भरून ती पुढे पोचायची, तंबू ठोकायची आणि बटाटे सोलत बसायची. चौथ्या दिवशी वाट एका डोंगरावरून जाई. तिथे गाडी चढत नसे, म्हणून मावशी डोंगराला वळसा घाली. त्या संध्याकाळी माणसं खाली यायची ती गप्पगप्प. तीन दिवस ज्याचं तोंड मिटलेलं नसायचं, तोही हातातला चहा निवेपर्यंत नुसता बसून राहायचा.

"तिकडे आहे तरी काय?" मावशी विचारायची.

"दगड," भाचा सांगायचा.

एका सहलीत शाळेची बस चालवणारी एक बाई आली होती. चौथ्या दिवशी सकाळी ती तंबूतून बाहेर आली ती पाय फाकवून चालत. सीटवर घासून घासून तिची कातडी सोलवटली होती. सायकलवर बसणं शक्यच नव्हतं.

"मी गाडी नेते," ती म्हणाली. "बस भरून पोरं मागे ओरडत असताना चालवते मी. तुमची पिंपं ओरडत तर नाहीत? आणा किल्ली."

"आणि मी काय करू? पिंपांशेजारी बसू?" मावशीने विचारलं.

भाच्याने रिकाम्या सायकलकडे पाहिलं. "ही कोणीतरी न्यायला हवी."

"टपावर बांध की."

"बांधता येईल," असं म्हणत तो सीट खाली करायला लागला.

रुग्णालयात असताना मावशी कामावर सायकलनेच जायची. पण ते सपाट डांबरी रस्ते होते. इथे पहिल्याच चढाला तिला धाप लागली. गिअर कधी बदलायचा, हे कळेपर्यंत चढ संपायचा. वाळूत चाक रुतलं आणि ती आडवी झाली. कपडे झटकत म्हणाली, "मी आपली परत जाते."

"गाडी केव्हाच निघून गेली, मावशी."

भाच्याला दोन सणसणीत शब्द ऐकवून ती सायकल ढकलत चालू लागली. बाकीचे पुढे गेले. भाचा मात्र तिच्या मागे राहिला आणि त्याने तिला घाई केली नाही. शेवटचं वळण चढून ती माथ्यावर आली, तर समोर जमीन संपलीच होती.

खाली एवढी मोठी दरी पसरली होती की तिची पलीकडची कड निळी दिसत होती. कड्यांमध्ये तांबडे, पिवळे, राखाडी थर होते, धुऊन घड्या घालून रचलेल्या चादरींसारखे. एका ढगाची सावली दरीच्या तळावरून सावकाश सरकत होती. त्या सावलीत मावशीचं अख्खं शहर मावलं असतं. आवाज कसलाच नव्हता. तिचा सगळा जन्म भांड्यांच्या, चाकांच्या, इंजिनांच्या आवाजात गेला होता. इथे तिला स्वतःच्या छातीतली धडधड ऐकू येत होती.

ती मटकन खाली बसली, तेव्हा हाताला काहीतरी खरखरीत लागलं. पाहिलं तर खडकात शिंपले रुतलेले होते. एक नखाने काढायला गेली, पण तो खडकाचाच झाला होता.

"हे इथे कोणी आणले?" तिने हळूच विचारलं.

"कोणी नाही. इथे समुद्र होता."

"कधी?"

"माणसं नव्हती तेव्हा."

मावशीने उन्हाने तापलेल्या त्या शिंपल्यावर तळवा टेकला आणि वर पाहिलं. डोक्यावर निळं आभाळ होतं. तिथवर पाणी असणार, त्याच्याही वर असणार. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. याच डोंगराच्या मागच्या अंगाला इतकी वर्षं तिने फडकी वाळत घातली होती.

"मी याला टेकाड म्हणायचे," ती म्हणाली. तिने डोळे पुसले, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

उतारावर ती बरीचशी चालतच आली. मुक्कामावर बसवाल्या बाईने सगळे तंबू वाऱ्याकडे तोंड करून ठोकले होते आणि बटाटे अर्धे कच्चे ठेवले होते. मावशीने एक शब्दही न काढता दोनदा वाढून घेतले.

पुढच्या सहलीपासून चौथ्या दिवसासाठी भाच्याने गाडीला ड्रायव्हर ठरवला. तिला विचारलं नाही, आणि तीही नको म्हणाली नाही. त्या चढाची धास्ती तिला अजून वाटते, आदल्या दिवशी जेवण जात नाही. पण माथ्यावर पोचली की ती सायकल आडवी टाकते आणि खालून भाचा हाका मारत राहिला तरी तिथून हलत नाही.