टीचरने बदललेली ओळ

माझ्या शेजारची टीचर ओसरीवर मराठीच्या शिकवण्या घेते. बोटांनी टेबल वाजवत मात्रा मोजते. एक मात्रा कमी पडली तरी पोरींना ओळ पुन्हा म्हणायला लावते. कुंपणाअलीकडे मासे कापताना तिची टकटक ऐकून माझं डोकं उठतं.

तिचा मुलगा सैन्यात, सरहद्दीवर आहे. तिकडे गोळीबार सुरू झाल्यापासून त्याचा फोन नाही. टकटक मात्र वाढली आहे.

काल युद्धावरची कविता होती. प्रत्येक कडव्याच्या शेवटी शिपाई आईला 'येतो' म्हणतो. आमच्याकडेही घरातून निघणारा 'जातो' म्हणत नाही. शेवटच्या कडव्यात मात्र 'आलो'शी जुळणारं 'गेलो' आहे. टीचरने तिथेही 'येतो' म्हटलं.

एक पोरगी म्हणाली, "टीचर, यमक जुळना नाय."

"नाही जुळत. तसंच म्हणा."

पोरी घरी गेल्यावर मी कुंपणावरून विचारलं, "कविता कित्याक मोडलंस गो?"

"काकी, तो शब्द माझ्या तोंडातसून येवचो नाय."

"परीक्षेत पोरींचे मार्क जातले."

"जांवदेत," ती म्हणाली, आणि फोन घेऊन, जिथे रेंज मिळते त्या वळणावर भर उन्हात जाऊन उभी राहिली.