उसन्या पगडीतला माणूस

"मला म्हणतो हलू नको. माशीला कोन सांगनार?" ओठ न हलवता ते पुटपुटायचे. डोक्यावर मखमली पगडी, अंगात फरचा कोट, मागे मेसचे गॅस सिलिंडर. तुम्ही पाहिलं असतंत, तर कुठले तरी सुलतान आहेत म्हणाला असतात. होते दाभोळकडचे, आखातातल्या जुबैलच्या आमच्या कॅम्पातले आचारी. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

कोट-पगडी आमच्या डच इंजिनियरची. सुट्टीच्या दिवशी तो मेण लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईनं चेहरे ओरखडायचा, ॲसिडनं रेघा खोल करायचा आणि शाई भरून कागदावर ठसे काढायचा. त्याच्याकडचे जुने चित्रकार म्हणे शेजाऱ्यापाजाऱ्यांना असेच परमुलखातले कपडे चढवून बसवत. खाली बसणाऱ्याचं नाव मात्र लिहीत नसत. दुभाषा मी. "चित्र पुरं होईपर्यंत दाढी काढू नका," हा त्याचा निरोप मीच पोचवला होता.

ठशात सगळं उलटं उमटतं. डाव्या गालावरचा मस उजवीकडे गेलेला पाहून चाचा म्हणाले, "ह्यो मी न्हाय. ह्यो माझा भाऊ, पैशेवाला."

मग युद्ध पेटलं. विषारी वायूच्या भीतीनं मास्क वाटले गेले. आमच्या बराकीला एक कमी पडला. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, दाढीवाल्यांनी ती काढून यावं, असं सेफ्टीवाल्यानं सांगितलं.

"साहेब, काढू काय? गोऱ्याला इचारा."

मी विचारलं. तो ओरडलाच, "आत्ताच्या आत्ता काढ म्हणावं! चित्र गेलं खड्ड्यात."

मी परत आलो आणि चाचांना म्हणालो, "थांबा म्हणतो. थोडंच राहिलंय."

"बरं. जबान दिलीय."

शेवटचा मास्क मी घेतला.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी भोंगा वाजला. मी मास्क चढवून भिंतीला टेकलो. समोर चाचा, तोंडावर ओला पंचा धरून. पंच्याआडून म्हणाले, "आता तुमी बसलाव काय चित्राला? हलू नका हां."

वायू आलाच नाही. दाढी तशीच पाहून डच माणसानं मला कारण विचारलं. "त्यांनाच काढायची नव्हती," मी म्हणालो. त्यानं चित्र पुरं केलं. चाचा पुढच्या सुट्टीला गावी गेले, ते परतले नाहीत.

तो ठसा माझ्या नाशिकच्या घरात आहे. पाहुणे विचारतात, हा कोण? मी म्हणतो, जुनं डच चित्र आहे. लोक जवळ जाऊन बघतात. दाढीचा केस न् केस सुटा दिसतो.