रिळाला दिलेली शिवी

रेवदंड्याच्या धक्क्यावर तो रोज संध्याकाळी गळ टाकून बसायचा. आगबोटीवरची नोकरी संपवून गावी परतलेला माणूस. नाव मी कधी विचारलं नाही. डोक्यावर साहेबी टोपी, खाली गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर आणि शेजारी पंच्यावर मांडलेली, गळाची दोरी गुंडाळायची रिळं. एक पितळी, एक चकचकीत विलायती. विलायतीला हात लावण्याआधी तो बोटं पुसायचा. काठीवर मात्र कायम सुताराकडून करून घेतलेलं लाकडी रीळ.

मी तेव्हा विलायती रीळ घ्यायच्या बेतात होतो. बायकोची समजूतही घालून झाली होती. म्हणून त्याला विचारलं, "यांत फरक काय हो?"

"लाकडी पाण्यानं फुगतं नि ऐन वेळी अडतं. पितळी अडत न्हाय, पर असं केकाटतं की पलीकडं कोर्लईत कुत्री भुकतात. इलायती म्हंजे लोणी हाय, लोणी!"

"मग तेच का नाही लावत?"

तेवढ्यात दोरी ताणली गेली. चांगला मोठा जिताडा होता. लाकडी रीळ दोन वेढे फिरलं, अडलं आणि दोरी तटकन तुटली. त्यानं रिळाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि प्रसन्न चेहऱ्यानं विडी पेटवली.

"बघितलंत? ह्याच्यावर मासा सुटला तर ह्याला शिव्या घालता येतात. इलायतीवर सुटला तर घालायच्या कुणाला?"

दुसऱ्या दिवशी मी सुतार गाठला. त्यानंतर माझे पुष्कळ मासे सुटले, पण चूक माझी होती असं एकदाही झालं नाही.