गरम पाण्याची मालकीण

परदेशी सेवेला निघाले तेव्हा धाकटा म्हणाला, "आई, तिथे लोकांना तुझीच सेवा करावी लागेल." मी म्हटलं, "तुला करावी लागणार नाही ना? मग निर्धास्त राहा," आणि बॅग भरली. आमच्या चर्चच्या मंडळीची तुकडी तिथल्या एका वृद्धाश्रमात आठवडाभर राबणार होती. मला घेतलं ते दुभाषी म्हणून. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी छडी दाखवून घोटून घेतलेली भाषा तिथे चालत होती आणि आमच्यात ती माझ्याइतकी कुणाला येत नव्हती.

पण हे लिहिते आहे ते इंजिनबाईसाठी.

तिचं खरं नाव कुणी घेत नसे. आश्रमाच्या तळघरात धुलाईखाना होता. कोपऱ्यात बॉयलर, समोर सिमेंटच्या दोन टाक्या, चादरी पिळायचं हाताने फिरवायचं यंत्र आणि भिंतीवर छातीपर्यंत चढलेली ओल. तिथे ही बाई लाकडी दांड्याने चादरी ढवळायची आणि दर ढवळीला नाकातून फूस करायची, म्हणून इंजिन. नवरा तिथेच बॉयलरवर होता. तो गेला तेव्हा नवा माणूस मिळेपर्यंत म्हणून आश्रम चालवणाऱ्या मेट्रनने बॉयलरही हिच्या गळ्यात मारला. "शोधतायत अजून," ती म्हणायची. "माझे केस पिकले, त्यांचा शोध चालूच आहे." चर्चला जात नसे. "रविवारी मी झोपते. मी कुठे असते ते देवाला ठाऊक आहे."

एके दिवशी पाय धुण्याचा विधी होता. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे आपण आश्रमातल्या सगळ्यांचे धुवायचे, असं आमच्या पाळकसाहेबांच्या फार दिवस मनात होतं. सभागृहात खुर्च्या मांडल्या, टब आले, नवे कोरे टॉवेल आले. पाळकीणबाई कॅमेरा गळ्यात घालून तयार. गरम पाणी आणायला दोघे बादल्या घेऊन खाली गेले ते हात हलवत परत आले.

"ती बाई नळ सोडत नाही."

पाळकसाहेब, मेट्रन आणि मी खाली उतरलो. इंजिनबाई नळाच्या पुढ्यात स्टूल टाकून बसली होती. मांडीवर दांडा.

"का नाही म्हणते, विचारा," पाळकसाहेब म्हणाले.

मी विचारलं. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "नीट सांगणार का, आजीबाई? की साखर घालून?"

"जसंच्या तसं. मला साखर बंद आहे."

"मग सांग. आज वरच्या मजल्याच्या चादरी आहेत. तिथली माणसं उठत नाहीत. एक जोड अंगाखाली, एक धुण्यात, तिसरा नाही. मागे असेच पाहुणे आले, पाय धुतले, बॉयलर रिकामा केला. पुन्हा पाणी तापेपर्यंत ऊन गेलं. चादरी ओल्या राहिल्या. अंगाखालची भिजली तेव्हा शिंपीदादा रात्रभर गादीवरच्या नुसत्या रबरावर पडला आणि त्याची पाठ सोलली. अजून भरली नाही. बघायची तर वर जा, पण नाकाला रुमाल लावू नका. त्याला दिसतं."

शिंपीदादाला मी ओळखत होते. आदल्याच दिवशी मी त्याच्या उशाशी बसले होते, तेव्हा कुशीवर पडल्या पडल्या त्याने माझ्या कॉलरची उसवलेली शिवण दाखवली होती.

मी सगळं सांगितलं, रुमालासकट. पाळकसाहेबांचे कान लाल झाले. "मावशी, जरा सौम्य करून सांगा."

"मी दुभाषी आहे पाळकसाहेब, इस्त्री नाही."

मेट्रन पुढे झाली. "पाहुण्यांपुढे शोभा करू नकोस. नळ सोड, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"बरं. मग उद्या कोण धुणार? तू?" इंजिनबाईने दांडा पुढे केला. "घे."

मेट्रनचे हात पाठीमागे गेले. हेही मी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी.

"पण म्हाताऱ्या माणसांचे पाय गार पाण्याने कसे धुवायचे?" पाळकसाहेब म्हणाले. "तिला सांगा, ही प्रभूची आज्ञा आहे."

इंजिनबाईने ऐकून घेतलं. फूस केलं. "त्याने पाणी तापवून घेतलं होतं का?"

मी ते सांगितलं आणि माझ्या पदरचं जोडलं, "शास्त्रात भांडं आहे, रुमाल आहे. गरम पाणी नाही. सिस्टरांनी पाठ करून घेतलंय माझ्याकडून."

"मावशी, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"शिंपीदादाच्या," मी म्हटलं आणि बाह्या वर केल्या.

मग इंजिनबाईच जरा सैल झाली. "शेवटचं खळबळून झालं की बॉयलरमध्ये कोमट पाणी उरतं. चादरी गच्चीवर पोचल्या की ते तुमचं. पण लिफ्ट बंद आहे."

पाळकसाहेबांनी जिन्याकडे पाहिलं. तेवढ्यात आम्हाला शोधत पाळकीणबाई आल्या. काय झालं ते ऐकलं, कॅमेरा काढून खुंटीला अडकवला आणि ओल्या चादरींच्या टोपलीचा एक कान धरला. "बघत काय उभे राहिलात?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "धरा दुसरा."

आमची अख्खी तुकडी त्या दिवशी जिना चढली. मला चढवेना, म्हणून मी पिळायचं यंत्र फिरवत बसले. इंजिनबाई खेकसत होती, "पिळतेस की कुरवाळतेस?" ऊन उतरायच्या आत चादरी वाळल्या. शिंपीदादाच्या अंगाखाली मी स्वतः चादर घातली. त्याने काठ बोटांनी चाचपला.

"टीप वाकडी आहे."

"कोरडी आहे," मी म्हटलं.

"ते कळलं," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

म्हाताऱ्यांचे पाय कोमट पाण्याने धुवून झाल्यावर पाळकसाहेब उरलेली बादली घेऊन खाली आले. शर्ट पाठीला चिकटलेला. ते इंजिनबाईसमोर गुडघे टेकून बसले. तिने पाय स्टुलाखाली ओढले.

"माझे मी धुते. रोज धुते."

"तिला सांगा, मी मनापासून आलोय."

"दिसतंय," ती म्हणाली. "मनापासून असेल तर उद्या ब्लँकेटं आहेत. ती चादरींपेक्षा जड असतात."

मेट्रन जिन्यात उभी होती. मी हळूच विचारलं, "अगं, उद्या येऊ नकोस म्हणाली ना ती?"

"म्हणाली की. मी कुठे हो म्हटलं?"

आणि बॉयलरची किल्ली दोरीत ओवून तिने गळ्यात घातली.