आत्याची सर्दी आणि लेकीचं बारसं

लेक झाली तेव्हा मी बाळंतपणाला आष्टीला, माहेरी होते. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "बाळाच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, पण त्या नव्या भरतीच्या शिपायांसारख्या. मोठ्यांच्या पेशींनी कैक जंतू पाहिलेले, आला की ओळखून धरतात. बाळाच्या पेशींना ओळखायलाच वेळ लागतो. सर्दीवाल्याला जवळ येऊ देऊ नका."

झालं. मी दाराशी साबण ठेवला आणि हात न धुणाऱ्याला पिटाळायला लागले. आई म्हणायची, "बाळंतीण हायेस का फौजदार?"

बारशाला शहागडहून नणंद आल्या, त्या शिंकतच. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करायचं अन् नाव सांगायचं, हा मान आत्याचा. ही त्यांची एकुलती भाची. मुलगी झाली तर म्हणून एक नाव त्यांनी मनात जपलेलं, कुणाला सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, "वन्सं, आत येऊ नका."

"अगं, मी आत्या हाये तिची."

"पण तिच्या शिपायांना तुमची सर्दी ओळखीची न्हाई."

त्यांचे डोळे भरले. मलाही वाईट वाटलं, पण मी हटले न्हाई. शेवटी आईनं तोडगा काढला. वन्सं अंगणात, फोन पाळण्याशी. बायका पाळण्याभोवती जमल्या. कुर्र निघायच्या आधी फोनमधून अशी शिंक आली की बाळ दचकून रडायला लागलं. त्या गोंधळात वन्संनी नाव ओरडून सांगितलं. गिरणीपर्यंत ऐकू गेलं, बाळाला काही गेलं न्हाई. वन्सं घुगऱ्यासुद्धा न घेता परत गेल्या.

बऱ्या होऊन पुन्हा आल्या, तेव्हा मीच शिंकत होते. सर्दी कुठून आली, देव जाणे. वन्सं म्हणाल्या, "फोनमधून."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दूध तोडू नका, त्यातून बाळाला तयार कुमक मिळते. मास्क लावा, हात धुवा. बाकी वेळ बाळ दुसऱ्याकडे द्या." दुसरं कोण? आई सैपाकपाण्यात गुंतलेली. वन्सं पदर खोचून दारात उभ्या.

"हात धुतले? बराबर? नखं दाखव."

माझ्याच लेकीसाठी मी दारात नखं दाखवत उभी. राग आला, अन् रडूही आलं.

त्यांनी बाळ पाजायला माझ्या मांडीवर दिलं. मंग हळूच वाकल्या. "ते फोनवरचं धरायचं न्हाई," म्हणाल्या, आणि बाळाच्या कानाशी कुर्र करून नाव सांगितलं. एवढ्या जवळ असून मला ते ऐकू आलं न्हाई. बाळ प्यायचं थांबलं, ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा प्यायला लागलं.